मागचं दार

तिने साखळी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. मग एक पाय भिंतीला टेकवून ओढली. शेवटी साखळीला लटकलेलं कुलूप चपलेच्या टाचेने ठोकलं. कुलूप नुसतं झुललं आणि पुन्हा दारावर आपटून स्थिर झालं.

"ते असं नाही निघायचं," मागे उभा असलेला वॉचमन म्हणाला. "जाड आहे. मीच आणलंय."

"पण का लावलंत?"

"मागच्या वेळी फुकटे लोक इथून घुसले. साहेबांनी मला फाडून खाल्लं. मग लावलं."

"किल्ली?"

"साहेबांकडे. आणि साहेब सकाळपासून बाहेरगावी."

सभागृहाच्या व्यवस्थापकाला तिने सकाळपासून सतरा वेळा फोन केला होता. सतराही वेळा तीच बाई तिला सांगत होती की हा क्रमांक सध्या बंद आहे. साडेतीन वाजायला दहा मिनिटं होती. साडेतीनला पुढचं दार उघडायचं, चारला कार्यक्रम सुरू. पर्यटन आणि कार्यक्रम व्यवस्थापनाच्या शेवटच्या वर्षाची ही प्रात्यक्षिक परीक्षा होती. अकरा विद्यार्थ्यांनी मिळून खरा कार्यक्रम करायचा, खऱ्या प्रेक्षकांसमोर. जुन्या गाण्यांचा वाद्यवृंद ठरला होता. सहाशे खुर्च्या, आणि सहाशेही भरणार होत्या.

कामं चिठ्ठ्या टाकून वाटली गेली तेव्हा तिच्या वाट्याला सुरक्षा आली होती. सगळे हसले होते. "ताई, तुम्ही चपला सांभाळा," असं कुणीतरी म्हणालं होतं. वर्गात सगळे तिला ताईच म्हणत. ती त्यांच्याहून तीन-चार वर्षांनी मोठी होती. पहिल्यांदा प्रात्यक्षिक आलं तेव्हा आई दवाखान्यात होती, दुसऱ्यांदा आलं तेव्हा आई नव्हती. पदवी सहा वर्षांत पुरी करायची असा नियम, आणि तिचं सहावं वर्ष याच महिन्यात संपत होतं. एका प्रवास कंपनीचं नेमणुकीचं पत्र मावशीने कपाटात साड्यांखाली जपून ठेवलं होतं. पत्रात एकच अट होती: निकाल.

विभागप्रमुख सर लगबगीने स्टेजमागच्या त्या अरुंद बोळात आले. त्यांच्या हातात तपासणीचा कागद होता.

"अगं, इथे काय करतेस? पाहुणे आले. सगळ्यांच्या सह्या झाल्या, तुझीच राहिली."

"सर, मागच्या दाराला कुलूप आहे."

सरांनी कुलपाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"व्यवस्थापक येतायत. वाटेत आहेत."

"त्यांच्याशी बोलणं झालं तुमचं?"

"ऑफिसातून निरोप आलाय. तू सही कर, मी खाली करतो. बाहेर लोक उन्हात उभे आहेत."

"सर, तुम्हीच शिकवलंय. गर्दी आगीने मरत नाही, दाराशी मरते."

सरांनी बोळाच्या तोंडाकडे वळून पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "ही तुझी शेवटची संधी आहे. दहा जणांचं वर्ष आहे. हट्टाला पेटू नकोस."

कागदावर छापलं होतं, 'मागील दार खुले आहे.' पुढे चौकोन होता. तिने पेन घेतलं. चौकोनात 'होय' लिहून सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं, सुबक, गोल. सरांनी खाली सही केली आणि आले तसे गेले. पाच मिनिटांत पुढचं दार उघडल्याचा गलका ऐकू आला.

चार वाजता पडदा उघडला. तिने विंगेतून डोकावून पाहिलं. एकही खुर्ची रिकामी नव्हती. काही लोक मधल्या वाटेत खाली बसले होते. तिसऱ्या रांगेत, कडेला, मावशी होती. काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून, ठेवणीतलं पातळ नेसून ती स्टेजवर भाची कुठे दिसते का ते शोधत होती. सुरक्षावाला माणूस स्टेजवर येत नसतो, हे तिला सांगून पटलं नव्हतं.

ती पुन्हा बोळात आली आणि दारासमोर जमिनीवर बसली. फोन लावला. तोच बाईचा आवाज.

वॉचमनने तिच्याकडे पाहिलं. मग तो निघून गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात लोखंड कापायच्या करवतीचं नुसतं पातं होतं, एका टोकाला चिंधी गुंडाळलेली.

"दांडा नाही," तो म्हणाला. "चालेल?"

"काका, तुमची नोकरी जाईल."

"जाईल तेव्हा बघू. गाणं सुरू झालं की घासायचं. थांबलं की थांबायचं. आत ऐकू जाता कामा नये."

मग दोघं आळीपाळीने साखळीची एक कडी घासू लागले. ढोलकी चढली की हात जोरात चालायचे, नुसती बासरी आली की दोघं श्वास रोखून बसायचे. टाळ्या पडल्या की ते चांगलंच, टाळ्यांत दहा-बारा फेरे उरकायचे. निवेदन करणाऱ्या पोराला वर्गात कॅप्टन म्हणत. तो दोन गाण्यांच्या मध्ये विनोद सांगत होता. एरवी ते विनोद तिला पाणचट वाटायचे. आज मात्र तो जितका लांबवील तितका वेळ फुकट जात होता आणि ती दात-ओठ खात होती. तिसऱ्या गाण्यात तिच्या तळहाताला फोड आले, पाचव्यात ते फुटले. तिने ओढणी गुंडाळली.

"माझी मुलगी असतीस तर तुला घरी हाकललं असतं," वॉचमन म्हणाला.

"माझी मावशी आत बसलीये," ती म्हणाली. पातं त्याने तिच्या हातातून घेतलं.

सातव्या गाण्यात कडी तुटली. साखळी खडखडत खाली आली. तिला इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. वॉचमननेही कपाळाचा घाम पुसून मान डोलावली. तिने दोन्ही हातांनी दार ढकललं.

दार चार बोटं उघडलं आणि थांबलं.

तिने पुन्हा ढकललं. वॉचमनने खांदा लावला. दार हललं नाही. तिने फटीला डोळा लावला. पलीकडे लोखंडी बाकं होती, एकावर एक, थेट चौकटीच्या वरपर्यंत रचलेली. बाकांना टेकून सिमेंटच्या पोत्यांची थप्पी. पाणी पिऊन पोती दगडासारखी घट्ट झाली होती.

"दुरुस्तीवाल्यांनी ठेवलंय," वॉचमन म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "मागचं आवार पत्रे लावून बंद केलंय ना त्यांनी. मी तिकडे जातच नाही. आईशपथ, मला माहीत नव्हतं."

ती फटीशी तशीच उभी राहिली. म्हणजे किल्ली मिळाली असती तरी काही उपयोग नव्हता. व्यवस्थापक खरोखर वाटेत असता तरीही नव्हता. आणि दार खुलं आहे असं तिने सुबक अक्षरात लिहून दिलं होतं. आत टाळ्यांचा कडकडाट झाला. सहाशेहून जास्त माणसं, जुना मखमली पडदा, तापलेले दिवे आणि एकच दार.

ती विंगेत गेली. कॅप्टन पुढच्या गाण्याचं निवेदन करायला निघाला होता. तिने त्याच्या हातातून माइक घेतला.

"ताई, काय करताय?"

ती उत्तर न देता उजेडात गेली. डोळे दिपले. दुसऱ्या वर्षी निवेदनाच्या तासाला घोटून घेतलेला आवाज आपोआप आला, गोड आणि निवांत.

"रसिकहो, आता आपण छोटंसं मध्यंतर घेतोय. बाहेर मांडवात आपल्यासाठी चहा आहे. सगळ्यांना निवांत घेता यावा म्हणून आपण शेवटच्या रांगेपासून उठूया. बाकीच्यांनी कृपया बसून राहावं. घाई अजिबात नाही."

तिने दिवे सांभाळणाऱ्या मुलीला खूण केली. सभागृहात लख्ख उजेड झाला. पहिल्या रांगेत सर अर्धवट उठले होते. बाहेर चहावाल्याचं पाणी अजून उकळलंही नव्हतं, कारण चहा कार्यक्रमानंतर होता.

लोक कुरकुरत उठले. ऐन रंगात आल्यावर मध्यंतर कसलं, असं कुणी म्हणालं. पुढच्या दाराची एक फळी वरच्या खिटीत अडकली होती, उघडी होती ती एकच. तिच्यातून दोन माणसं एका वेळी जेमतेम जात. एका बाईची पर्स खाली पडली, तर मागची सगळी रांग थबकली. ती दाराशी उभी राहून हसतमुखाने "या, सावकाश या" म्हणत होती आणि मनात मिनिटं मोजत होती. सभागृह रिकामं करायच्या आराखड्यात तिने चार मिनिटं लिहिली होती. चौदा झाली तरी पुढच्या तीन रांगा आतच होत्या.

वादकही, वॉचमनही बाहेर गेले. शेवटी मावशी एकटी राहिली.

"मी नाही उठत," मावशी म्हणाली. "कडेची जागा आहे, पुन्हा मिळायची नाही. चहा इथेच आण."

"मावशी, ऊठ."

"अगं, गुडघे..."

"मी म्हणते म्हणून ऊठ."

मावशीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग ओढणी गुंडाळलेल्या हातांकडे, ओढणीवर उमटलेल्या लाल डागांकडे. तिने काठी टेकली आणि उठली.

मावशीला मांडवात बसवून ती वळली तर समोर सर. चेहरा लाल झाला होता.

"हा काय तमाशा आहे?"

"सर, एकदा मागचं दार बघून या."

"मी विचारतोय काय..."

"बघून या, सर. मग बोला."

ते गेले. परत यायला त्यांना वेळ लागला. आले तेव्हा कोटाच्या खांद्याला चुन्याचा पांढरा पट्टा होता, म्हणजे त्यांनीही दार ढकलून पाहिलं होतं. त्यांनी सभागृहाचं दार बाहेरून ओढून घेतलं, कडी घातली आणि पाठ दाराला लावून उभे राहिले. मग म्हणाले, "खोट्या तपासणीवर सही आहे तुझी. मला तुला पास करता येणार नाही."

"माहीत आहे, सर."

"माझीही आहे खाली," ते म्हणाले, आणि चष्मा काढून उगाचच पुसत राहिले.

एव्हाना चहा झाला होता. ती मावशीपाशी गेली. पेला तळहातात धरवेना, म्हणून तिने तो दोन्ही मनगटांत धरला.

"झालीस का गं पास?" मावशीने हळूच विचारलं.

"नाही."

मावशीने काठी सरकवून बाकावर तिच्यापुरती जागा केली. ती बसली. मांडवात सहाशे माणसं चहावर फुंकर घालत, घड्याळं बघत, एकमेकांत तक्रारी करत उभी होती. कुणाचं लहान मूल खुर्च्यांखालून रांगत होतं. कॅप्टन खांबाआड तोंड लपवून उभा होता.

पुढच्या रांगेतले एक पाहुणे गर्दीतून पुढे आले. त्यांचा चहा बशीत सांडला होता.

"पाऊण तास झाला," ते मोठ्याने म्हणाले. "कार्यक्रम सुरू होणार आहे की नाही? इथे जबाबदार कोण आहे?"

दाराला टेकलेल्या सरांनी तोंड उघडलं. पण त्याआधीच तिने पेला मावशीच्या हातात दिला आणि ती उठून उभी राहिली.

"मी आहे," ती म्हणाली.