चाळीस माणसांचा भात

माझी मुलगी धम्मदीपा जर्मनीत येना शहरातल्या एका संस्थेत लेसरवर संशोधन करते. २०१३ साली बाबासाहेबांची जयंती रविवारी आली. घरी जयंती केली की खालचे शेजारी तक्रार करत, म्हणून तिने संस्थेची खोली मागून घेतली. ती हातची गेली असती तर दुसरी जागा नव्हती.

संस्थेच्या पहाऱ्याची पद्धत ठरलेली होती. सुटीच्या दिवशी किती माणसं जमणार ते आधी कळवायचं. वीसपर्यंत एक पहारेकरी, चाळीसला चार. सांगितल्याच्या निम्मीही माणसं दिसली नाहीत, तर माहिती खोटी धरून पुन्हा खोली द्यायची नाही.

मी तेव्हा तिच्याकडेच राहायला आलो होतो. पहारेकऱ्यांच्या कचेरीचा फोन कानाला लावूनच धम्मदीपाने मला आकडा विचारला. मी चाळीस म्हणालो. आमच्याकडे जयंतीला किती माणसं असं विचारलं, की किती जणांचा स्वयंपाक ते सांगतात. तिने तेच कळवलं.

आम्ही अकरा जण जमलो. पहारेकरी बरोबर चार आले. त्यांचे प्रमुख लोरेन्झसाहेब यांनी आम्हाला दोनदा मोजलं, टेबलाखालीही पाहिलं आणि फॉर्म काढला. धम्मदीपा म्हणाली, गैरसमज झाला. ते म्हणाले, फॉर्ममध्ये गैरसमजाला रकाना नाही. तिचा चेहरा उतरला.

मी तिला म्हटलं, "त्यांना सांग, आकडा माझा आहे. माणसं कमी आहेत, पण भात चाळीस जणांचाच आहे. बघून घ्या म्हणावं."

त्यांनी टोपावरचं झाकण उचललं. वरणाचं पातेलं पाहिलं. खीर पाहिली. मग चौघे ताट घेऊन बसले. जेवताना लोरेन्झसाहेबांनी पुन्हा मोजलं. पंधरा. अजून पाच कमी.

नियमात एक सोय होती. जागेवरच्या प्रमुखाला गरज वाटली, तर तो जादा माणसं मागवू शकतो. त्यांनी वायरलेस उचलला.

"इथे मनुष्यबळ अपुरं आहे," ते म्हणाले. "पाच जण पाठवा. उपाशी असतील ते."

अहवालात हजर माणसं वीस अशी नोंद झाली. गोंधळ: नाही.

पुढच्या वर्षीही खोली मिळाली. पत्रात लिहिलं होतं, की मागचा अनुभव पाहता यंदा सुरुवातीलाच नऊ पहारेकरी पाठवण्यात येतील. खाली पेनाने एक ओळ होती: दोघांना तिखट चालत नाही.