अन्वरीभाभींचं छप्पर

मधू शिगवण ज्या कंपनीत इंजिनिअर होता ती अबुधाबीजवळच्या मुसफ्फा या औद्योगिक भागात लाकडी उतरती छपरं बनवायची. अबुधाबीत सगळीकडे सपाट गच्च्या, त्यामुळे आधी गिऱ्हाईक कमीच असायचं. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी खलिफा सिटीत व्हिले उभे राहू लागले, तशी बागेतल्या खोल्यांना उतरतं छप्पर हवं अशी टूम निघाली. लाकडी सांगाड्यावर कौलं जड होतात, म्हणून वर डांबरी शिंगल्स. डांबरात भिजवलेले काचतंतूंचे पातळ तुकडे, वरून बारीक दगडी कणांचा थर. कुठल्या छपराला कुठल्या शिंगल्स घ्यायच्या हे मधू ठरवायचा. साहेब फक्त सही करायचे.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात अल ऐनचं एक काम आलं. एका जुन्या अमिराती घरातल्या म्हाताऱ्या मालकिणीला आवारात शिवणकामाची खोली बांधून हवी होती. शिवणारी बाई मागच्याच दोन खोल्यांत राहायची. मधू मापं घ्यायला गेला तेव्हा ती दारात उभी राहून त्याचं हिंदी ऐकत होती. मग म्हणाली, "गुहागरकडचा काय रे तू?"

त्या अन्वरीभाभी. माहेर दाभोळचं. नवरा मुनीर शाळेची बस चालवायचा. भाभी जरीचं काम करायच्या, आणि अल ऐनमधल्या कितीतरी नवऱ्यामुलींचे पोशाख त्यांच्या हातचे असायचे. त्या दिवशी त्यांनी मधूला तांदळाची भाकरी आणि सुक्या बांगड्याचं कालवण वाढलं. पुढे कामाच्या निमित्ताने तो जायचा तेव्हा बायको अर्चना आणि मुलगी अस्मीसाठी डबा भरून द्यायच्या. "मधूभाऊ, तुझ्या पोरीला सांग, हे आत्याने दिलंय."

छपराचं लाकूडकाम झालं आणि शिंगल्स ठरवायची वेळ आली. मधूच्या टेबलावर दोन नमुने होते. एक नेहमीचा, पातळ, गोदामात पडून असलेला. दुसरा अमेरिकेहून आलेला. त्याच्या डांबरात रबर मिसळलेलं होतं, दोन थर एकमेकांवर चिकटवलेले होते, आणि गारांच्या मारासाठी तो तपासलेला होता. जिथे गारपीट आणि वादळं नेहमीची, तिथल्या लोकांसाठी बनवलेला माल. तो मागवायचा तर जहाजाने यायला दोन महिने लागले असते. मधूच्या धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरच्या शेवटी होतं. साहेबांनी सांगितलं होतं, अल ऐनचं काम खलास कर आणि मग खुशाल जा. मधूने गोदामातल्या पातळ शिंगल्स काढायला सांगितल्या.

अन्वरीभाभींनी एकदा विचारलं होतं. छपरावर माणसं चढलेली, त्या खाली चहाचा ट्रे घेऊन उभ्या. "मधूभाऊ, गेल्या साली इथे गारा पडल्या होत्या. लिंबाएवढ्या. ह्या पत्र्याला काय होणार नाय ना?"

मधू हसला. "भाभी, हे वाळवंट आहे. गारा कुठल्या इथे? निवांत शिवत बसा."

त्याही हसल्या. दुसऱ्या प्रकारच्या शिंगल्स मिळतात, हे त्याने सांगितलंच नाही. त्या आठवड्यात वारा होता. बारीक धूळ सगळीकडे बसत होती, शिंगल्सच्या चिकटपट्टीवरही. उन्हाने ती पट्टी वितळली की खालची शिंगल वरचीला धरून ठेवते. पण मधे धूळ असली तर नीट धरत नाही. मधूला हे माहीत होतं. ऊन चढेल, बसेल आपोआप, असं म्हणून त्याने माणसांना काम पुढे न्यायला सांगितलं. लग्नाच्या आदल्या दिवशी तो चिपळूणला उतरला.

एप्रिलमध्ये एका दुपारी अल ऐनवर काळं आभाळ आलं. आधी गारा पडल्या, पाठोपाठ वारा सुटला. गारांनी पातळ शिंगल्सना तडे गेले, वाऱ्याने त्यांच्या कडा उचलल्या आणि एका बाजूचं अर्धं छप्पर उघडं पडलं. फळ्यांच्या फटींतून पाणी आत आलं. जिप्समचं छत फुगलं आणि मशीनवर बसलेल्या अन्वरीभाभींच्या अंगावर कोसळलं. डोकं वाचलं. उजवं मनगट मोडलं.

मधूला दुसऱ्या दिवशी कळलं. तो हॉस्पिटलात गेला तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या. हाताला प्लास्टर होतं. त्याला बघून त्यांनीच समजूत घातली. "तोंड कशाला पाडतोस? अल्लाने पाठवलं, अल्लाच सांभाळेल. तुझ्या हातात होतं काय?"

बाजूला मुनीरभाई सफरचंद कापत होते. त्यांनी एक फोड त्याच्या हातावर ठेवली. ती त्याला खाता येईना आणि परतही देता येईना.

पुढच्या दिवसांत ज्याने त्याने त्याला मोकळं केलं. साहेब म्हणाले, नैसर्गिक आपत्ती आहे, कंपनीवर काही येत नाही. मालकिणीनेही आभाळाकडे बोट दाखवलं आणि विषय संपवला. घरी अर्चना म्हणाली, "ढग तू आणलेस का? किती दिवस असा बसणार आहेस?" जेवताना अस्मी म्हणाली, "बाबा, गारा होत्या त्या. इट्स नोबडीज फॉल्ट."

मधू मान हलवायचा. खलास, आपलं काही चुकलेलं नाही, असं स्वतःला समजावत दोन-चार दिवस काढायचा. मग गाडी चालवताना किंवा दाढी करताना आपलं ते हसणं कानात यायचं. गारा कुठल्या इथे. खरोखर माहीत नसतं तर गोष्ट वेगळी होती. नमुना टेबलावर होता. तो त्याने स्वतः उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

प्लास्टर निघालं. हाड जुळलं होतं, पण दोन बोटं पुरती मिटत नव्हती. सुई धरता येत होती, जरीचा बारीक टाका घालता येत नव्हता. हे मुनीरभाईंनी फोनवर सांगितलं, तक्रार केल्यासारखं अजिबात नाही. शेवटी म्हणाले, "छप्पर परत कधी घालताय? मालकीण विचारते."

त्या दिवशी मधूने दोन्ही नमुने बाहेर काढले. वर्कशॉपमागे फळीवर ठोकले आणि शिडीवर चढून त्यांच्यावर लोखंडी गोळा सोडला. वरून पाहिलं तर दोघांतही फारसा फरक नव्हता, थोडे दगडी कण उडाले एवढंच. मग त्याने खिळे काढून शिंगल्स उलट्या केल्या. जाड नमुन्याची पाठ धड होती. पातळ नमुन्याच्या पाठीवर तडा आरपार गेलेला होता. मधू तिथेच शिडीच्या पायरीवर बसला. मजूर विचारायला लागले, साब, तबियत ठीक है? तो म्हणाला, ठीक है.

त्याने जाड माल मागवला. साहेब कुरकुरले, पण या वेळी मधू वाद घालायला तयार होता. प्रत्येक शिंगलला चारऐवजी सहा खिळे, कडेच्या ओळीला खालून डांबराचा लेप, आणि वारा असलेल्या दिवशी काम बंद, हे त्याने माणसांना दोनदा सांगितलं. मग एका शुक्रवारी एकटाच अल ऐनला गेला.

अन्वरीभाभी अंगणात खाटेवर बसून एका मुलीला टाका दाखवत होत्या. शेजारचीच कुणीतरी. मधू आल्यावर त्यांनी तिला आत पाठवलं.

"भाभी, मला एक सांगायचंय," मधू म्हणाला. "ते छप्पर देवाने नाही मोडलं. चांगल्या शिंगल्स होत्या. गारांच्या, वाऱ्याच्या. मला माहीत होत्या. यायला वेळ लागला असता, आणि मला लग्नाला जायचं होतं. म्हणून हलक्या घातल्या. तुम्ही विचारलं तेव्हाही सांगितलं नाही."

भाभींनी त्याच्याकडे पाहिलं. मग मांडीवरचं कापड घडी करू लागल्या. डाव्या हाताने करत होत्या, घडी नीट बसत नव्हती.

"मग हसलास कशाला?" त्यांनी विचारलं.

मधू घडीला हात लावायला पुढे झाला, त्यांनी कापड बाजूला घेतलं.

"अल्लाचं म्हणून मी सोसत होते," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मुनीरला पण तेच सांगत होते. सुई सुटली की म्हणायचे, त्याची मर्जी. आता सुई सुटली की तू आठवणार. हे कशाला आणून दिलंस मला? तुझं मन हलकं करायला?"

"नाही भाभी, तुम्हाला खरं कळावं म्हणून."

"कळलं. आता तुम्ही जा, इंजिनिअरसाहेब."

परतीच्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर मधूने गाडी एकदा बाजूला घेतली. त्याला वाटलं होतं, सांगितलं की सुटेल. सांगताना त्याने आपलाच विचार केला होता, त्यांचा नाही. आधी हात घेतला आणि आता त्यांच्याकडे जो एक आधार होता तोही घेतला. हे कळल्यावर पहिलं ओझं हललं नाहीच, त्याच्या शेजारी दुसरं येऊन बसलं. घरी अर्चनाने विचारलं, बोललास का? तो म्हणाला, बोललो, बोलायला नको होतं का ते आता कळत नाही.

उन्हाळ्यात माल आला आणि छप्पर घातलं गेलं. मधू रोज सकाळी शिडीवर असायचा. एकेक ओळ स्वतः हाताने दाबून बघायचा. भाभी बाहेर येत नव्हत्या. चहा यायचा, तो मुनीरभाई आणून द्यायचे. काम संपलं त्या दिवशी मुनीरभाईंनी हात मिळवला आणि म्हणाले, "ती रागावलीय. रागावू दे. मला तुम्ही सांगितलंत ते बरं वाटलं. पण मोडलेला हात माझा नाही ना." डबा मिळाला नाही, आणि मधूला तो मिळेल असं वाटलंही नव्हतं.

पुढच्या मार्चमध्ये अल ऐनला पुन्हा वादळ झालं. गारा थोड्या होत्या, वारा मात्र आवारातली दोन झाडं पाडून गेला. मधू दुसऱ्या दिवशी न विचारताच तिकडे गेला. छपरावर चढून तासभर बघत होता. काही कण पन्हळीत आले होते. एकही शिंगल उचललेली नव्हती.

खाली उतरला तेव्हा खोलीचं दार उघडं होतं. आत चार-पाच मुली चटईवर बसून जरीचं भरतकाम करत होत्या, आणि अन्वरीभाभी त्यांच्यामधून फिरत, वाकून, कुणाचा टाका उसवायला लावत होत्या. शेजारच्या व्हिल्यातली मंजुषा नावाची मराठी बाई मुलीला सोडायला आली होती. तिला तिच्या बागेतल्या खोलीवर असंच छप्पर करायचं होतं.

"हेच इंजिनिअर का?" तिने भाभींना विचारलं. "यांच्याकडून करून घेऊ?"

भाभींनी मधूकडे पाहिलं नाही. एका मुलीच्या हातातलं कापड उजेडाकडे धरत त्या म्हणाल्या, "घ्या करून. पण किती प्रकार मिळतात ते आधी विचारा. सगळे समोर मांडायला लावा. नाय मांडलं तर दारातून आत घेऊ नका."

मंजुषा हसली, तिला ती थट्टा वाटली. मधू हसला नाही. त्याने गाडीतून नमुन्यांची पेटी आणली, अंगणातल्या खाटेवर उघडली, आणि सगळ्यात हलक्या शिंगलपासून सुरुवात करून ती कुठे, कशी मोडते ते सांगायला लागला.