यंत्रावरचा लाल चिमटा

आमच्या प्रयोगशाळेत घंटा वाजली की सगळे हातातलं टाकून धावतात. खालच्या मजल्यावर प्रसूतीगृह आहे. तिथे एखादी बाई बाळंत झाली आणि तिने आधीच होकार दिलेला असला, तर तिची वार झाकणाच्या डब्यातून वर आमच्याकडे येते. बाळाच्या मागोमाग पडणारा, नाळ जोडलेला तो मांसल गोळा बाकीचे लोक टाकून देतात. आम्ही मात्र त्याच्यासाठी जिन्यावरून उड्या मारत जातो. आमचा पंपवाला, म्हणजे पंप सांभाळणारा सहकारी, वारेच्या रक्तवाहिन्यांत बारीक नळ्या बसवतो, कोमट द्रव खेळवतो आणि वार आणखी काही तास जिवंत राहते. मग मी सोनोग्राफीचं यंत्र लावून बघते, आतला प्रवाह कुठे मोकळा आहे आणि कुठे अडतोय. पोटातलं बाळ नीट का वाढत नाही, याचं उत्तर बरेचदा तिथेच असतं. इतकी वर्षं हे काम करतेय, पण पहिला प्रवाह पडद्यावर उमटला की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

यंत्र एकच. सकाळी ते वारेपाशी, दुपारी शेजारच्या खोलीत गरोदर बायकांपाशी. अडचण अशी की पंपाची धडधड चित्रात घुसते, म्हणून सकाळी फिल्टर चढवून ठेवावा लागतो. चढवलेला फिल्टर हळू हलणारं सगळं गाळून टाकतो. बायकांना तपासताना तो उतरवला नाही, तर हळू वाहणारं रक्तही दिसेनासं होतं. म्हणून नियम केला होता की फिल्टर चढवला की यंत्राच्या वायरीला कपडे वाळत घालायचा लाल चिमटा लावायचा, आणि फिल्टर उतरवल्याशिवाय तो काढायचा नाही. नियम माझाच. पंपवाला एकदा चिमटा लावायला विसरला, तेव्हा मी त्याला असं फैलावर घेतलं की तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्या दुपारी तपासणीला माझी धाकटी बहीण आली. सातवा महिनाही पुरता भरला नव्हता. पोट जरा लहान दिसत होतं, म्हणून तिला आमच्या अभ्यासात घेतलं होतं. आधीचं एक मूल तिच्या पोटातच गेलं होतं. तेव्हापासून तिच्या तोंडी एकच वाक्य असायचं, माझं पोटच कामाचं नाही. मी चिडायचे, आई रडायची, आणि ती आमच्या दोघींकडे बघून हसायची. तिचं ते हसणं मला अजिबात सहन व्हायचं नाही.

"ताई, ते गार काहीतरी लावणार असशील तर सांगून लाव."

"सांगितलं. लावलं."

"थांब ना. दाराचा पडदा उघडा आहे."

पडद्याची कडी तुटली होती आणि बाहेरून लोक येत-जात होते. मी हात लांब करून वायरीचा चिमटा काढला, पडद्याच्या दोन्ही कडा जुळवून त्यांना लावला आणि कामाला लागले.

बाळाने आधी पाठ दाखवली, मग एक मूठ. धाकटी खूश झाली. मी नाळेवर आले. नाळेतला प्रवाह यंत्राच्या पडद्यावर टेकड्यांसारखा दिसतो. बाळाचं हृदय आकुंचन पावलं की टेकडी, सैल झालं की उतार. उतार खाली आला तरी तळाची रेघ त्याने गाठायची नसते, कारण हृदय विसावलं तरी वारेकडे रक्त जात राहिलं पाहिजे. धाकटीच्या प्रत्येक टेकडीनंतर उतार थेट रेघेला टेकत होता. मधे काहीच नव्हतं. मी यंत्र जरा सरकवून परत पाहिलं, तेच.

"ताई, तू गप्प का झालीस?"

"काही नाही गं."

"तू गप्प बसणाऱ्यातली नाहीस. काय दिसतंय?"

मी मोठ्या बाईंना हाक मारली. मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्रमुख; प्रसूतीगृहही त्याच बघतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, चित्र पाहिलं आणि धाकटीच्या पायावर हात ठेवला.

"आपण तुला दाखल करून घेऊ. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं आजच सुरू करायची. खालच्या यंत्रावर मी स्वतः परत बघणार आहे. पण हे असंच दिसलं, तर बाळाला आत ठेवता येणार नाही."

"आत्ता? एवढ्यात?" धाकटीने विचारलं.

"लवकर आहे, मला माहीत आहे. म्हणून तर आधी परत बघणार."

बाई खाली जागा करायला गेल्या. धाकटी रडली नाही. छताकडे बघत म्हणाली, "म्हटलं होतं ना मी तुला." मला तिला हलवून सांगायचं होतं की असलं बोलू नकोस, पण आधी तिला खाली न्यायला हवं होतं. चाकांची खुर्ची आणायला उठले आणि पडदा ओढला, तर तो सरकेना. मी आणखी जोरात ओढला. मग कुठे मला दिसलं की पडद्याला लाल चिमटा लावलाय.

वायरीवरचा तो चिमटा मीच काढला होता. मग स्वतःला एक सणसणीत शिवी घातली, ती धाकटीने ऐकली.

"काय झालं?"

"झोप. परत झोप. उठू नकोस."

"अगं, पण बाई म्हणाल्या..."

"बाईंना मी बघते. तू हलू नकोस."

घाईत फिल्टरचं बटण दोनदा चुकलं. तो पार खाली उतरवला. परत नाळ शोधली. टेकडी आली, उतार आला, आणि उताराच्या पायथ्याशी राखाडी रंगाची एक बारीक पट्टी उमटली. पुढच्या टेकडीनंतरही ती होतीच, आणि त्याच्या पुढच्याही. उतार रेघेला कुठेच टेकत नव्हता. रक्त वाहत होतं. मी फिल्टर न उतरवता बघत बसले होते, आणि ते बिचारं सगळा वेळ वाहत होतं.

मला हसू आणि रडू एकदम फुटलं. जिन्याच्या कठड्यावरून मी बाईंना अशी हाक मारली की पलीकडच्या खोलीतून पंपवाला हातमोज्यांसकट धावत आला. बाई वर आल्या, बसल्या आणि स्वतःच्या हाताने परत सगळं पाहिलं. मग खाली नेऊन तिथल्या यंत्रावरही पाहिलं. तिथेही तीच पट्टी दिसली.

"प्रवाह थोडा आहे, पण आहे," त्या म्हणाल्या. "बाळ आतच राहील. एक दिवसाआड मला दाखवायचं." मग माझ्याकडे वळल्या. "खालच्या यंत्रावर मला कळलंच असतं. पण तेवढा वेळ ही पोर काय सोसत होती, याचा विचार कर."

मी मान खाली घातली. पंपवाल्याने चिमटा पडद्यावरून काढला, वायरीला लावला आणि शांतपणे विचारलं, "आता मी किती दिवस बोलायचं नाही?"

नंतरचे आठवडे मी हवेत तरंगत होते. एक दिवसाआड धाकटी यायची. आधी मी फिल्टर बघायचे, मग परत फिल्टर बघायचे, आणि मग तिच्याकडे. पट्टी कधी जाड नव्हती, पण कधी तुटलीही नाही. बाळ हळूहळू, कुरकुरत का होईना, वाढत होतं. धाकटी आता तिचं ते वाक्य बोलायची नाही. ते अजून तिच्या मनात आहे, हे मात्र मला दिसायचं.

नववा महिना लागला आणि बाईंनीच ठरवलं की आता बास. मुलगी झाली. लहानशीच, पण आवाज असा खणखणीत की आमच्या मजल्यापर्यंत ऐकू आला. त्यापाठोपाठ घंटा वाजली. मी जिन्याकडे धावले, तर पंपवाल्याने वाट अडवली.

"डब्याला तू हात लावायचा नाहीस. घरची वार आहे."

"मी नुसती..."

"तू नुसतं यंत्र धर. आणि फिल्टर चढव. आणि चिमटा लाव."

लावला. त्याने नळ्या बसवल्या, पंप सुरू झाला, आणि साकळलेलं रक्त धुतलं जाऊन वारेचा रंग उजळत गेला. एका कडेला मात्र मोठा फिकट पट्टा तसाच राहिला. तिथे हात लावला तर कडक. यंत्र ठेवलं तर शुकशुकाट. तो भाग केव्हाच मेला होता. मी यंत्र त्याच्या शेजारी सरकवलं आणि ओरडायचीच राहिले. तिथल्या रक्तवाहिन्या नेहमीपेक्षा कितीतरी रुंद झाल्या होत्या आणि प्रवाह असा धो धो चालला होता की पंपवालाही वाकून बघायला लागला. मेलेल्या भागाचं काम शेजारच्या भागाने उचललं होतं. खालचं आटपून वर आलेल्या मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावर नेला, परत डोळ्यांवर आणला.

"एका वारेवरून काही सिद्ध होत नाही," त्या म्हणाल्या. मग परत वाकून त्या वाहिन्यांकडे पाहिलं. "तरी आता पुढच्या प्रत्येक वारेत कुठे बघायचं, ते कळलं."

काम संपल्यावर मी वार ट्रेमध्ये घेतली, वर कापड टाकलं आणि बाईंना विचारून धाकटीच्या खोलीत गेले. मुलगी तिच्या छातीवर झोपली होती.

"खराब होती ना?" ट्रेकडे बघून तिने पहिलं हेच विचारलं. "माझीच ती."

मी कापड काढलं. फिकट पट्टा दाखवला. मग तिचं बोट धरून बाजूच्या फुगलेल्या वाहिन्यांवर ठेवलं आणि आत्ताच काय पाहिलं ते सगळं सांगितलं, एका दमात, शब्दांवर शब्द पडत. ती ऐकत राहिली.

"म्हणजे एवढा भाग गेला, तरी ही थांबली नाही?"

"नाही."

"आणि तेव्हा मी म्हणत होते की..."

"हो. रोज म्हणत होतीस."

तिने बोट काढून घेतलं नाही. मुलीने झोपेतच ओठ हलवले. मी कापड परत टाकायला गेले, तर धाकटी म्हणाली, "थांब ताई, झाकू नकोस. मला अजून बघायचंय." ट्रे जड होता आणि माझे हात भरून आले होते, तरी मी तो तसाच धरून उभी राहिले.