हिरवी रंगवलेली टोपली

मित्रांनो, मी एक जुनी कचऱ्याची टोपली आहे, पण माझ्यात आजवर केराची काडीसुद्धा पडलेली नाही. संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात दिसतो तो आयकॉन, ती मी. एका चित्रकार बाईंनी चौकटीच्या कागदावर बत्तीस घरं आडवी, बत्तीस उभी मोजून मला काढलं. मग ऑपरेटिंग सिस्टीमच्या कंपनीने मला लाखो पडद्यांवर एकदम उभं केलं. याचं मला अजून नवल वाटतं.

एकदा एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ रुग्णालयासाठी सॉफ्टवेअर करत होते. 'काढून टाका' या बटणावर भावाने मलाच आणून चिकटवलं. वर हिरवा रंग फासला, एक कडी उडवली. म्हणाला, "आता ही आपली झाली." माझी मलाच ओळख पटेना.

रुग्णालयाच्या वकीलबाई करारावर सही करायला आल्या आणि त्यांनी नेमकं माझ्यावर बोट ठेवलं. "ही काढली कोणी?"

"ती सगळ्यांच्याच संगणकात असते, मॅडम. आम्ही रंग बदललाय," भाऊ म्हणाला.

"रंग बदलून मालक बदलत नाही. सिस्टीम वापरायचा परवाना तुमच्याकडे आहे. त्यातलं चित्र आपल्या मालात घालून विकायचा आहे का? उद्यापर्यंत लेखी दाखवा, नाहीतर सही नाही."

ताईने परवाना उघडला. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. तशी परवानगी कुठेच नव्हती. दोन वर्षांची मेहनत माझ्यापाशी येऊन अडली.

ताई-भावाचे बाबा तिथेच बसले होते. जन्मभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या, मग छापील फलक आले आणि त्यांचे ब्रश वाळून गेले. ते म्हणाले, "चौकटीचा कागद आण गं."

"बाबा, तुमचा हात थरथरतो."

"घरं मोजताना नाही थरथरत."

मित्रांनो, माझा जन्म मी कधी पाहिला नव्हता. तो त्या दुपारी पाहिला. बाबा एक घर भरायचे, मान तिरकी करून बघायचे, खोडायचे, पुन्हा भरायचे. चहा गार झाला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मला काढणाऱ्या बाईंनीही असाच जीव ओतला असेल, या विचाराने मी थक्क झाले. संध्याकाळी कागदावर एक नवी, जराशी कललेली टोपली उभी होती.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी पुन्हा विचारलं, "ही कोणी काढली?"

"आमच्या बाबांनी," भाऊ म्हणाला.

वकीलबाईंनी चित्राचा कागद सहीसाठी बाबांपुढे सरकवला. जन्मभर दुसऱ्यांची नावं रंगवणाऱ्या बाबांनी पहिल्यांदाच आपल्या चित्राखाली आपलं नाव लिहिलं. हात थरथरला, पण नाव वाचता येत होतं.

करारावर सही झाली, त्या बटणावर माझ्या जागी बाबांची टोपली बसली आणि माझा हिरवा रंग उतरला. मित्रांनो, एखादं चित्र उचलण्याआधी एवढं विचारा, ही घरं कोणी मोजली?