शिंगाची चकती आणि तीन राजे

मित्रांनो, असे समजा की तुम्ही बिस्किटाएवढे गोल आणि चपटे आहात. तुम्हाला हात नाहीत, तोंड नाही. तुमच्या डोळ्यांदेखत एक भला माणूस चूक करतो आहे आणि तुम्ही नुसते बघत पडला आहात. जमले? मग आता तुम्हाला माझी गोष्ट कळेल.

मी एक जुनी चकती आहे. कातडी कमावण्याच्या एका कारखान्यात म्हाताऱ्या कारागिराने मला शिंगातून कापले, घासले आणि तेल पाजून चकचकीत केले. माझे काम पत्त्यांच्या खेळात असे. ज्याच्या पुढ्यात मी असेन, त्याने टेबलावर पाने उघडू लागली की सगळ्यांच्या शेवटी बोलायचे. आधी दुसऱ्यांचे ऐकून मग आपले ठरवायला मिळते, म्हणून मी जवळ आले की माणसे खूश होत. "या बाईसाहेब," म्हणून मला पुढ्यात ओढून घेत.

पण हा खेळ गमतीचा नव्हता. कारखान्याच्या अंगणाखाली एक हौद होता. कातडी धुतलेले घाण पाणी त्यात साचे. महिन्यातून एकदा कोणीतरी आत उतरून गाळ उपसावा लागे. मुकादम म्हणायचा, "कोण उतरणार ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या डोक्याला ताप नको." म्हणून जेवणाच्या सुट्टीत पत्ते पडत. सगळ्यांना सारखे चामड्याचे तुकडे मिळत. महिनाअखेरीला ज्याच्याकडे सर्वांत कमी तुकडे, तो हौदात. उतरताना तो मला खिशात घेऊन जाई आणि पुढच्या महिन्याचा पहिला डाव माझ्यासह त्याच्यापासून सुरू होई. तेवढाच त्याचा मान.

एका डावात कोणी धुळीला मिळू नये, म्हणून कारागिराने मर्यादा घातली होती. पहिल्या दोन फेऱ्यांत एकेकच तुकडा लावायचा, पुढच्या दोन फेऱ्यांत दोन-दोन. एका फेरीत वाढवायचे ते फार तर तीनदा. रापीने कातडे कापणाऱ्याची मुलगी वडिलांचा डबा घेऊन यायची. तिला तो शेजारी बसवून सांगायचा, "इथे ढीग लावून कोणाला पळवता येत नाही, पोरी. म्हणून हातात जोर असला की दर फेरीला लावायचं. फुकटचं पान बघू दिलंस, म्हणजे चोराला घरात घेऊन पाट मांडलास. आणि टेबलावर आपल्याहून मोठं काही दिसायला लागलं की हात आवरायचा."

मुलगी मान डोलवायची. वडील हसायचे. "वाघ दबा धरूनच बसतो, काका."

पुढे तो कारागीर वारला. त्या महिन्याचा शेवटचा डाव आला. खेळायला तिघे होते : रापीवाला, त्याचा मेहुणा म्हणजे मुलीचा मामा, आणि रंगारी. मामा सुखरूप होता. रापीवाला आणि रंगारी दोघे काठावर. जो हरेल, तो आत.

मी रापीवाल्याच्या पुढ्यात होते. त्याने आपली दोन पाने उचलली. दोन राजे. लाव, मी मनात म्हटले. त्याने न वाढवता एक तुकडा टाकून नुसती बरोबरी केली. मामाने पाने टाकून डाव सोडला. रंगाऱ्याचा एक तुकडा नियमाने आधीच पडला होता, त्यामुळे इस्पिकचा चव्वा-पंजा असली हलकी पाने घेऊनही तो फुकटात टिकला.

टेबलावर सगळ्यांची सामाईक अशी तीन पाने उघडली. त्यात आणखी एक राजा आणि एक इस्पिक. रंगाऱ्याच्या हाती धुपाटणेसुद्धा नव्हते.

"पास," रंगारी म्हणाला.

एक तुकडा लावला असता तर रंगारी उठलाच असता. रापीवाल्याने कपाळ खाजवले. "माझाही पास."

"काय भाऊजी, आज रापी बोथट झाली का?" मामा हसला.

चौथे पान इस्पिक पडले. आता रंगाऱ्याला आशा दिसू लागली. रापीवाल्याने दोन तुकडे लावले, तेव्हा रंगाऱ्याने मुकाट्याने भरले. पाचवे पानही इस्पिक. टेबलावर तीन इस्पिके उघडी पडली होती, आंधळ्यालाही दिसावीत अशी. पण रापीवाल्याला आपले राजेच दिसत होते. रंगाऱ्याने लावले, त्याने वाढवले. रंगाऱ्याने वाढवले, त्याने पुन्हा वाढवले. बोलायच्या वेळी तो गप्प राहिला आणि गप्प राहायच्या वेळी बोलत सुटला.

रंगाऱ्याने पाने मांडली. हातातली दोन, टेबलावरची तीन, पाचही इस्पिके; तीन राजांवर भारी. त्याने वर पाहिले नाही. "घरी बाळ आहे माझ्या," एवढेच पुटपुटला.

"बाबा, आधी का नाही लावलंत?" मुलीने विचारले.

"वाटलं, फसेल तो."

हौदात कोंडलेला विषारी वायू जावा, म्हणून उतरण्याआधी तोंडावर मोठा पंखा लावायचा असे. उकाडा होता, म्हणून मुकादमाने तो आपल्या खोलीत नेला होता. रापीवाल्याने विचारले, तर म्हणाला, "चार घमेली गाळ, त्याला पंखा कशाला? तू काय पाहुणा आहेस?" मुलगी डबा धरून तिथेच उभी होती.

मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात होते. खाली पोहोचल्यावर त्याचे काळीज माझ्यामागे जोरात धडधडले. मग अडखळले. वरून मामाने हाका मारल्या, दोर ओढला. आम्ही दोघे वर आलो, पण धडधड खालीच राहिली.

मुकादम म्हणाला, "हृदय नाजूक होतं त्याचं."

सदरा धुताना मी मुलीला सापडले. मुकादमाने पंखा नेला होता हे सगळ्यांना सांगायला ती निघाली, तेव्हा मामाने दारातच अडवले. "आत्ता नको, बाळा. तो तुझ्या आईला काम देतो म्हणालाय. आपल्याला माहीत आहे ते हातात ठेवू. वेळ आली की काढू."

त्या वेळी ती थांबली. मित्रांनो, मोठ्यांचे ऐकावे हे खरे. पण ज्याने माणसाचा जीव वाचतो, ते दाबून ठेवायचे नसते. खेळायला बसलेली माणसे एकमेकांचे तुकडे मोजतात, आणि आपल्याला या खेळाला बसवले कोणी, हे विसरतात. एकमेकांना जपा. मी तोंड नसलेली वस्तू आहे. तुम्ही नाही.

पुढच्या महिन्यात मामा हरला. मला न्यायला तो घरी आला, तेव्हा मुलीने मला मुठीत घट्ट धरले आणि ती त्याच्याबरोबर कारखान्यात गेली. मामा दोर कमरेला बांधू लागला. ती मुकादमाच्या खोलीत शिरली.

"ए, काय पाहिजे?" मुकादमाने विचारले.

"पंखा. माझे बाबा याच्यावाचून मेले."

ती हळू बोलली नाही. अंगणातली सगळी माणसे वळून बघू लागली. मुलीने पंख्याची वायर ओढून काढली, तिच्या उंचीचा तो पंखा दोन्ही हातांनी कवटाळला आणि फरफटत हौदाकडे निघाली.