आफ्रिकेत बोललेला नवस

वैजनाथ आफ्रिकेतून जिता परत आला याचा हरणाबाईला आनंद झाला, नाही असं नाही. पण तो अर्धा दिवससुद्धा टिकला नाही. दुपारी जेवणं झाली, हात धुतले, आणि पोरगं सोप्यात मांडी घालून म्हणालं, "आई, सुभेदार द्यावा लागंल बिरोबाला. म्या नवस बोललोय."

हरणाबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"नवस कुणी बोलला?"

"म्या."

"आन एडका कुणाचा?"

"आपलाच की."

"आपला कवापासून? पुण्यात फ्लॅटमधी बांधला हुतास व्हय त्येला?"

सुभेदार म्हणजे हरणाबाईचा एडका, तिच्या कळपाचा म्होरक्या. नळदुर्गच्या अलीकडं हायवेला लागून धनगरांची वाडी आहे, तिथलं हे घर. हायवे रुंद झाला आणि वाडी एका अंगाला, चराईचं माळरान दुसऱ्या अंगाला, असं होऊन बसलं. मधून सोलापूर-हैद्राबादचे ट्रक दिवसरात्र. त्याच रस्त्यावर एका ट्रकनं सुभेदाराची आई चिरडली, तेव्हा तो एवढंसं कोकरू होता. हरणाबाईनं त्याला शेळीचं दूध बाटलीनं पाजून वाढवला. पुढं हायवेच्या पोटातून पाण्यासाठी मोरी काढली, तिच्यातून पल्याड जाता येतं. पण मेंढरू अंधारात पाय घालत नाही. मारा, ओढा, बोंबला, तोंडाशी जाऊन उभं राहतं. सुभेदार तेवढा गेला, गळ्यातली घंटी वाजवत, आणि त्याच्या मागं सगळा कळप गेला. तेव्हापासून रोज सकाळी तो पुढं आणि हरणाबाई मागं. त्या एडक्यावर घर चाललंय म्हटलं तरी चालेल.

आणि ह्या पोरानं तो देऊन टाकला होता. परस्पर. तिकडं कुठल्या तरी रानात बसून.

वैजनाथ पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत होता. औंदा दिवाळीला घरी यायचं सोडून बायकोला घेऊन तो आफ्रिकेला गेला. तिथं भाड्यानं गाडी मिळते, तिच्या टपावरच तंबू असतो. दिवसभर आपणच चालवायची, जनावरं बघायची, सांज झाली की थांबायचं, चूल मांडायची, शिडीनं वर चढून झोपायचं. फोनवर हे ऐकून हरणाबाई म्हणाली होती, "त्येच्यासाठी इमानानं कशाला जायाला पायजे? आमी जल्मभर माळावर तेच करतोय की. ये, तुला बी निजवते मेंढरांत." वैजनाथ हसला होता. त्याला वाटलं आई गंमत करते.

मग तिकडून बातमी आली की रात्री सिंह तंबूपाशी आला होता. वैजनाथनं ती मित्राला कळवली, मित्रानं वाडीभर केली, आणि गुंडाप्पानं, म्हणजे त्याच्या बापानं, उरलेल्या मुलखाला सांगितली. गुडघे धरून बसलेला म्हातारा, पण सिंहाची गोष्ट सांगताना उठून उभा राहायचा. सिंहाचा श्वास पोराच्या तोंडावर आला, असं पोरानं कळवलं होतं. गुंडाप्पाच्या सांगण्यात सिंहानं पंजाच टाकला. महांतेशनं, त्या मित्रानं, हायवेच्या फाट्यावर फ्लेक्स लावला. वैजनाथचा टोपी घातलेला फोटो, बाजूला जबडा उघडलेला सिंह, आणि वर लिहिलेलं, 'मृत्यूच्या जबड्यातून सुखरूप परतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. त्यातले निम्मे लोक वैजनाथला ओळखतही नव्हते.

"दुसरा एडका आणू बाजारातून," हरणाबाई म्हणाली. "ह्याच्यापरीस मोठा आणू. बिरोबाला काय, एडक्याशी मतलब."

"नाव घेऊन बोललोय, आई."

"नाव घ्यायला तुला कुणी सांगितलं हुतं?"

"सिंह खाली उभा हुता! तवा काय सुचतंय?"

"तवा बरूबर माझाच सुभेदार सुचला. तुझी मोटारसायकल न्हाय सुचली ती."

गुंडाप्पा मधे पडला. "हरणे, देवाला बोललेलं फिरवत नसत्यात. पोराचा जीव वाचलाय."

ते तिलाही मान्य होतं. बिरोबावर तिचा विश्वास नसता तर तिनं पोराला काठी घेऊन फाट्यापर्यंत पळवला असता. विश्वास होता म्हणूनच ती आतल्या आत जळत होती. आयतवारी कंदुरी, म्हणजे एडका कापून पंगती, ठरली. महांतेशनं आचारी सांगितला, पाहुण्यांना सांगावे धाडले. हरणाबाई दोन्ही वेळा भाकरी थापायची ती अशी की परातीचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा.

शनिवारी सून मसाला भाजायला बसली. वर्षाराणी तशी अबोल, सासूला जरा बिचकून असायची. हरणाबाईनं खोबऱ्याची वाटी तिच्यापुढं आदळली.

"माझ्याच एडक्याचा मसाला मलाच कुटायला लावताय," ती म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला जीवाभावाचं कायतरी द्यायचं हुतं, तर तुझं नाव का न्हाय घेतलं म्हणावं?"

वर्षाराणीनं कढईतलं उलथणं थांबवलं. दाराकडं एकदा बघून घेतलं.

"आत्या, तो सिंह नव्हता. गाय होती."

हरणाबाईला आधी कळलंच नाही. "कुठली गाय?"

"तिथलीच. गावातली." आणि मग सुरुवात झाली तशी सून थांबेना. सिंह बघितले होते, पण लांबून, काचा लावून. एक सिंहीण झाडाखाली पडली होती, तिनं मानसुद्धा वर केली नाही. हत्ती मात्र अगदी वाटेत आले, गाडी बंद करून श्वास धरून बसावं लागलं, ते खरं. पण त्या दिवशी गाडी वाळूत रुतली. हातानं वाळू उपसता उपसता दिवस गेला. अभयारण्याचं गेट बंद व्हायच्या आत पोचता आलं नाही, म्हणून बाहेरच एका खेड्याच्या कडेला मुक्काम केला.

"काटेरी कुंपणं, शेळ्या, गाढवं, सगळं आपल्यासारखंच होतं आत्या. रात्री काहीतरी गाडीला अंग घासायला लागलं. तंबू गदागदा हलायला लागला. ह्यांनी माझं तोंड दाबून धरलं आणि नवस बोलायला लागले. आधी नारळ म्हणाले. मग बकरं म्हणाले. तरी हलायचं थांबेना, तेव्हा सुभेदाराचं नाव घेतलं."

"मंग थांबलं?"

"तिची खाज भागली असेल." वर्षाराणी हसली नाही. "सकाळी बघते तर लाल गाय, मी वाळत घातलेला टॉवेल चघळत उभी. तिला हुडकत एक बाई आली, काठी घेऊन. तुमच्याच वयाची. तिनं टॉवेल तोंडातून ओढून काढला, मला दिला आणि लई हसली. ती जाईपर्यंत हे वरून खाली उतरलेच नाहीत."

"आन तू इतके दिस गप बसलीस?"

"आण घातली होती मला. म्हणाले, आता फ्लेक्स लागलाय, वडील गावभर सांगत सुटलेत, कुठल्या तोंडानं गाय म्हणू?"

कढईतलं खोबरं करपलं, त्याचं हरणाबाईला भान नव्हतं. धनगराचं पोर, जनावरांच्या उबेला वाढलेलं, आणि त्याला गाईचा श्वास ओळखू येऊ नये. तेवढं ती माफ करायला तयार होती. परका मुलूख, काळोख, माणूस भितो. पण सकाळी गाय डोळ्यांनी बघितल्यावर? हसून मोकळं व्हायचं की रे मुडद्या. लोकांनी हसू नये म्हणून माझ्या लेकरावर सुरी फिरवतोस? उठून जाऊन चारचौघांत त्याची अब्रू काढावी असं तिला फार वाटलं. पण पोटचा होता. त्याच्या तोंडूनच येऊ दे, ती मनाशी म्हणाली. देवासमोर उभा केला की बोलेल. एवढा काय तो नासला नसेल.

आयतवारी बिरोबाच्या लिंबाखाली ही गर्दी. चुलवणावर पाणी उकळत होतं. सुभेदाराला धुऊन, कपाळाला भंडारा लावून आणला होता. तो गर्दीला अजिबात भ्याला नाही. हरणाबाई दिसली तसा तिच्याकडं आला आणि तिच्या ओच्यात तोंड घालून शेंगा हुडकायला लागला.

"थांबा," हरणाबाई म्हणाली. "आधी वैजनाथ भंडारा उचलंल. त्या राती कोण आलं हुतं ते बिरोबाला सांगंल. मंगच एडका घ्या."

पुजारी म्हणाला, बरोबर आहे, रीत आहे. लोकांना तर तेच हवं होतं. सिंहाची गोष्ट खुद्द वैजनाथच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. महांतेशनं मोबाईल वर धरला. "सांग की बाळा, लाजतोस काय," गुंडाप्पा म्हणाला.

भंडारा हातात घेऊन खोटं बोललं की घर बसतं. वाडीत हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वैजनाथचा चेहरा उतरला. त्यानं बायकोकडं बघितलं, ती दुसरीकडं बघत होती. मग फाट्याकडं बघितलं, तिथून फ्लेक्सचा वरचा कोपरा दिसत होता. हरणाबाई त्याच्या तोंडाकडं टक लावून होती. बोल, ती मनात म्हणत होती. एक शबूद बोल आणि सोड मला ह्यातून.

त्यानं भंडाऱ्याच्या ताटात हात घातला. मूठभर भंडारा उचलला.

"बिरोबाची आण," तो म्हणाला. "त्या राती माझ्या तंबूपाशी सिं..."

हरणाबाईनं त्याच्या मनगटावर असा फटका मारला की मूठ उघडली आणि भंडारा दोघांच्या अंगावर उडाला.

"गप. म्होरं बोलू नगंस."

महांतेशचा मोबाईल तसाच वर राहिला. हरणाबाईनं खाली बसून सुभेदाराच्या गळ्यातली घंटी सोडली. गाठ जुनी होती, सुटायला वेळ लागला, पण तिनं कुणाला हात लावू दिला नाही.

"घ्या एडका," ती म्हणाली, आणि घंटी मुठीत धरून घराकडं निघाली. मागं वळली नाही.

लोक म्हणाले, बाईमाणूस, लळा असतो. मग पंगती बसल्या. रस्सा झणझणीत झाला होता म्हणे. वैजनाथनंही खाल्लं, चार लोकांनी आग्रह केला म्हणून का होईना. वर्षाराणी घरी येऊन सासूजवळ बसली. दोघींनी चूल पेटवली नाही.

सोमवारी सकाळी पुण्याला निघायचं होतं. सामान भरलं, वर्षाराणी गाडी चालवायला बसली. तेवढ्यात हायवेकडून मेंढरांचा कालवा ऐकू आला. सगळा कळप मोरीच्या तोंडाशी चेंगरून उभा होता. एकही आत जाईना. मागची पुढच्यांवर चढत होती, दोन-तीन तर हायवेच्या कठड्याकडं वळली होती. हरणाबाई कळप सोडून तरातरा गाडीपाशी आली आणि काठीनं काच वाजवली.

"उतर."

वैजनाथनं काच खाली केली. "आई, उद्या हाफिस हाय."

"उतर म्हणते न्हवं. ह्यांचा म्होरक्या तू खाल्लास. आता तूच म्होरं चाल." तिनं घंटी खिडकीतून त्याच्या मांडीवर टाकली. "नवं जनावर शिकस्तवर रोज चालायचं. हाफिसला सांग, आफ्रिकेत हाय म्हणून."

वैजनाथनं बायकोकडं बघितलं. वर्षाराणीनं गाडी बंद केली आणि किल्ली काढून पदरात टाकली.

"जा," ती म्हणाली.

तो गेला. आफ्रिकेसाठी घेतलेले बूट घालून मोरीतल्या घाण पाण्यात उतरला आणि घंटी वाजवायला लागला. मेंढरं आधी बिथरली. घंटी ओळखीची होती, माणूस नव्हता. मग एक म्हातारी मेंढी पुढं झाली आणि तिच्या मागं एक एक करून सगळी आत शिरली. हरणाबाई शेवटी, काठी टेकत.

मोरीच्या मध्यावर पार काळोख होता. डोक्यावरून ट्रक गेला आणि भिंती हादरल्या. घंटी थांबली.

"आई," पुढून आवाज आला.

"काय?"

मेंढरं पाण्यात चुळबुळत होती.

"गाय हुती, आई."

"ठावं हाय," हरणाबाई म्हणाली. "शनवारपासनं ठावं हाय. घंटी वाजीव, मेंढरं अडकल्यात."

घंटी पुन्हा वाजायला वेळ लागला. पण वाजली, आणि कळप पुढं सरकला.