खोडव्याचं रान

तेजस्वीनं विमानाचं पेट्रोल दुसऱ्या टाकीवर वळवलं, पंपाचं बटण वर केलं, किल्ली पुन्हा फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. पुढचा पंखा आता नुसता वाऱ्यानं फिरत होता.

“न्हाय होत, सर.”

“सोड ते.”

तिला विमान उडवायला शिकवणाऱ्या राजवर्धन सरांनी कंट्रोल कधीच स्वतःकडं घेतले होते. रेडिओवर संकटाचा निरोप देऊन झाला होता. इंजिनाविना विमान हळूहळू खाली घसरत होतं.

“दोन हजार फूट. फार तर तीन मिनिटं. विमानतळ गाठत नाही आपण.”

खाली बिद्रीची शिवारं पसरली होती, हिरव्या लुगड्याला काळे काठ लावावेत तशी.

“ती हिरवी पट्टी घेतो. सपाट आहे.”

तेजस्वीनं सीटचा पट्टा मुठीत आवळला. सरांच्या मध्ये आजवर ती कधी बोलली नव्हती.

“सर, ऊस हाय तो. दोन पुरुष उंच. चाकं अडकली की आपण उलटं.”

सरांचा जन्म शहरात, शिवाजी पेठेत गेलेला. ऊस त्यांनी जवळून पाहिला तो रसाच्या गाड्यावर.

“मग ते काळं रान?”

“पाणी पाजलंय त्याला. चकाकतंय बघा. रुतंल.”

“अगं मग उतरू कुठं, तुझ्या डोक्यावर?”

तिनं काचेला कपाळ टेकलं. घरच्या परड्यात हरवलेली सुई शोधावी तशी तिची नजर बांधाबांधानं फिरली.

“ओढ्याच्या पल्याड, ते वाळकं. ऊस तोडून नेलाय. वर वाळल्या पाल्याचं पाचट हाय, पण खाली जमीन घट्ट असणार. सऱ्या आपल्याच रोखानं हायत, वारा बी समोरनं.”

“तारा?”

“पाण्याच्या मोटारीची तार उजव्या बांधाला. डावीकडनं घ्या.”

सरांनी क्षणभर ओठ चावले. मग विमान डावीकडं कललं.

“दारं उघडी कर, आदळल्यावर अडकायला नकोत. अन् बोलत राहा.”

चाकं टेकली. पाचट करकरलं, विमान दोनदा उसळलं आणि बांधाच्या चार हात अलीकडं थांबलं.

रानाची मालकीण धोंडुबाई खुरपं तसंच हातात घेऊन धावत आली.

“लागलं का गं बाई? अन् पावणं, तुम्हाला?”

“न्हाई मावशी. तुमचं रान तेवढं...” चाकांखाली कोवळे कोंभ चिरडले होते. तेजस्वी वाकून ते सरळ करू लागली.

“ऱ्हाऊ दे की! खोडवा हाय, बुडख्यातनं परत फुटतोय. माणूस फुटतोय व्हय असा? बसा, पाणी आणते.”

सर सरीत उकिडवे बसले. पाचट बाजूला सारून त्यांनी एक कोंभ बोटानं चाचपला.

“हा पण ऊसच?”

“व्हय, सर.”



“आणि गहू?” त्यांनी हळूच विचारलं. “वरून गहू कसा ओळखायचा?”

तेजस्वी त्यांच्या शेजारी सरीतच बसली.